हनुवटीपर्यंत जमिनीत

भिलाईतल्या मराठी माणसांनो, आपल्या सगळ्यांचं एक दुखणं सारखं आहे. नागपूर-गोंदियाला लग्नाला गेलो की आपण छत्तीसगढवाले, आणि इथे दोन पिढ्या पोलादाच्या भट्टीच्या धगीत घालवल्या तरी महाराष्ट्रवाले. आपली पोरं घरात आईशी मराठी बोलतात आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. दोन्हीकडे आपण पाहुणे. पाहुण्याला चहा मिळतो, पण घरच्या भांडणात त्याला कुणी बोलावत नाही. या दुखण्यावर मी आयुष्यभर भाषणं केली. माईक तापले, टाळ्या पडल्या, आणि दुखणं होतं तिथेच राहिलं.

भाषण न करता त्यावर औषध शोधलेला एक माणूस आपल्यात आहे. वर्षातून एका संध्याकाळी ते हनुवटीपर्यंत जमिनीत जायचे आणि आपण हात दिल्याशिवाय वर यायचे नाहीत. श्री. दशरथजी लांजेवार, आपल्या पोराबाळांचे देवदत्तकाका, यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्यावर लिहायला आपल्या मंडळाने मला सांगितलं, हा माझा मान आहे आणि थोडी शिक्षाही आहे. कारण या गोष्टीत जिथे जिथे चूक झाली, तिथे बहुतेक वेळा मीच उभा होतो.

मी त्यांना प्रथम पाहिलं ते खालून. मी प्लांटच्या टाइम ऑफिसात नवा कारकून होतो आणि युनियनचा नवा वक्ता. रेल मिलच्या शेडमध्ये जेवणाच्या सुटीत माझी सभा चालू होती. छताजवळून एक क्रेन सरकत आली, तिच्या पोटाखाली रुळांचा भारा. माझ्या पाठीमागे तो भारा खाली उतरला, आणि मला कळलंसुद्धा नाही. शंभर माणसं माझ्याकडे पाहत होती असं मी समजत होतो. खरं तर ती माझ्या डोक्यामागे पाहत होती, जिथे एवढं लोखंड पिसासारखं टेकत होतं. सभा संपल्यावर केबिनच्या शिडीवरून एक सडपातळ गृहस्थ खाली आले. गळ्यात गमछा, कानामागे विडी. म्हणाले, "भाषन बढिया झालं, रामटेके भाऊ. पन शेवटी तुमी लोड आदळलं."

मला राग आला. घरी जाऊन विचार केला तेव्हा कळलं, शेवटच्या वाक्यावर मी टेबलावर मूठ आपटली होती. टाळ्या मुठीला मिळाल्या होत्या, वाक्याला नाही.

लांजेवारजी लाखनीकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी गावच्या दंडारीत उभे राहायचे. दंडार म्हणजे आपल्या झाडीपट्टीत मैदानात रात्रभर चालणारं नाटक, हे नव्या पिढीसाठी सांगून ठेवतो. मी बौद्ध घरातला. सेक्टर २ च्या मैदानावर वैशाख पौर्णिमेच्या संध्याकाळी नाटक करायचं आमच्या वस्तीने ठरवलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी हातोडा घेऊन बसावं तसा पेन घेऊन बसलो आणि देवदत्ताची गोष्ट लिहिली. देवदत्त हा बुद्धांचा चुलतभाऊ, त्यांचाच भिक्षू. त्याने संघ फोडला, डोंगरावरून शिळा लोटली, माजलेला हत्ती अंगावर सोडला. शेवटी पृथ्वी दुभंगली आणि त्याला गिळून तिने थेट अवीची नरकात नेलं. तिथे तो लोखंडी सुळांनी खिळलेला उभा आहे: एक डोक्यातून पायात, एक या कुशीतून त्या कुशीत, एक छातीतून पाठीत. लिहिताना माझे डोळे चमकत होते, हे मी कबूल करतो.

बुद्ध व्हायला सतरा जण तयार होते. हत्ती व्हायलासुद्धा दोघे तयार होते, ताडपत्री पांघरून. पुढचे पाय कुणाचे आणि मागचे कुणाचे यावरून त्यांची तालमीभर भांडणं चालायची. देवदत्त व्हायला मात्र कुणी पुढे येईना. एकाची बायको म्हणाली, लेकरं झोपेत ओरडतील. दुसऱ्याचं लग्न जमत होतं. मग कुणीतरी रेल मिलमधल्या क्रेनवाल्या लांजेवारांचं नाव काढलं. मी विरोध केला. खलनायक बाहेरून आणायचा, तोही हिंदू घरातला, म्हणजे लोक काय म्हणतील! लांजेवारजी सायकलला टेकून ऐकत होते. शांतपणे म्हणाले, "भाऊ, गावी मी रावन झालो, दुर्योधन झालो. एक अजून. कोनाले तं वाईट व्हा लागते ना."

त्यांच्या कामाविषयी पुष्कळ लोक पुष्कळ लिहितील. मी एवढंच सांगतो, ते पात्राची वजनं ओळखतात. मी देवदत्ताला गडगडाटी हास्य लिहिलं होतं. त्यांनी ते काढून टाकलं. त्यांचा देवदत्त हळू बोलायचा, नियमांची यादी सांगितल्यासारखा: भिक्षूने झाडाखालीच राहावं, चिंध्याच नेसाव्यात, मांस-मासळीला शिवू नये. गोष्टीतला देवदत्त खरंच असे कडक नियम मागतो; बुद्ध म्हणतात, ज्याला पाळायचे त्याने पाळावेत, सक्ती नको. मी तालमीत विचारलं, "तुम्ही हे असं कुणाकडून उचललंत?" ते हसले. "तुमच्याकडूनच, भाऊ. मीटिंगमंदी तुमी असेच बोलता ना. तोंडावरची माशी बी नाई हालत." सगळी तालीम हसत होती. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

आता ती संध्याकाळ.

नरकाची चौकट बनवायची होती. लांजेवारजींच्या ब्लॉकमध्ये, खालच्या क्वार्टरमध्ये, थॉमस राहत होते. फॅब्रिकेशनमधले वेल्डर, केरळचे, चर्चला जाणारे, आणि रविवार सोडून बाकी सगळे दिवस लांजेवारजींबरोबर पत्ते खेळणारे. मी कागदावर तीन सूळ काढून दिले. थॉमसनी भंगारातून पाईप आणले आणि अंगणात चौकट उभी केली. वेल्डिंग करताना माणूस बाजूला बसतो. बाजूने पाहिलं की तिन्ही सूळ तीन दिशांना गेलेले दिसत. समोरून पाहायचं कुणालाच सुचलं नाही. छातीतून पाठीत जाणारा सूळ समोरून एक ठिपका होतो, आणि उरतात दोन: एक उभा, एक आडवा.

वैशाखातला चंद्र प्लांटच्या चिमण्यांमधून वर येत होता. दूर कुठे तरी भट्टीतली तापलेली मळी ओतली असावी, कारण अर्धं आभाळ नारिंगी झालं आणि तसंच थांबून राहिलं. पडदा सरला. लांजेवारजी चौकटीवर उभे होते, हात पसरलेले, मान एका खांद्यावर कललेली. मैदान शांत झालं. मला वाटलं, माझ्या लेखणीचा विजय झाला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून थॉमसची आई उठली. अंगावर केरळी बायकांचा पांढरा चट्टा-मुंडू, वाकलेली पाठ, आम्ही सगळे तिला अम्मा म्हणायचो. ती चालत चालत रंगमंचापाशी गेली, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा हात नेला, आणि गुडघ्यांवर बसली.

पेटीवाल्याचा भाता अर्ध्यात थांबला. आभाळ अजून नारिंगीच होतं. मला आजही ते पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. कुणी हलत नव्हतं, आणि बुद्धांच्या शत्रूसमोर एक ख्रिस्ती म्हातारी हात जोडून बसली होती. लांजेवारजींना त्या वेळी शिव्याशाप द्यायचे होते, माझी दोन पानं. त्यांनी ती सोडून दिली. मग अगदी खालच्या आवाजात, फक्त पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "अम्मा, मैं हूँ. लांजेवार. आपके ऊपर वाला."

"मालूम है," अम्मा म्हणाली. "तेरे को दुखता है न?"

आणि तिने हात वर केला. लांजेवारजी चौकटीवरून उतरले, तो हात धरला आणि तिच्याशेजारी रंगमंचाच्या कडेला बसून राहिले. नाटक तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हीकडे रागाची वाफ धरली होती. चर्चमधली चार तरुण मुलं थॉमसच्या दाराशी येऊन विचारत होती, "अंकल, हमारे प्रभु का मज़ाक आपने बनाया?" इकडे आमच्यातले काही म्हणत होते की बुद्धांच्या मंचावर दुसऱ्याचं पूजास्थान उभं केलं. आणि मी? मी पत्रक लिहीत होतो. मथळा होता, 'आम्ही झुकणार नाही'. नक्की कुणापुढे झुकायचं नाही, ते अजून ठरलं नव्हतं.

लांजेवारजी ड्यूटीवरून थेट माझ्याकडे आले. पत्रक वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "चला, थॉमसच्या घरी चहा आहे."

"मला चर्चा नको आहे."

"मले बी नको. चहा आहे म्हटलं ना बाप्पा."

थॉमसच्या ओसरीवर ती चार मुलं अजून बसलेली होती. अम्मा आत कांदे चिरत होती. चहा आला. मग मला माझं वाचन आठवलं, आणि पुस्तकं वाचलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या.

एक म्हणजे, राजवाडा सोडून निघालेल्या राजपुत्राची आपली कथा फार पूर्वी पश्चिमेकडे निघाली. उंटांच्या पाठीवरून, व्यापाऱ्यांच्या तोंडून, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, प्रत्येक मुक्कामाला नाव थोडं थोडं झिजत गेलं. युरोपात पोचेपर्यंत तो राजपुत्र ख्रिस्ती संत झाला होता. कित्येक शतकं लोक त्याच्यापुढे मेणबत्त्या लावत राहिले. बुद्धांपुढे लावतो आहोत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट उलट दिशेची. समुद्रमार्गे ख्रिस्ती पाद्री सयामला पोचले. त्यांनी खिळलेल्या प्रभूची मूर्ती दाखवली. तिथल्या बौद्ध लोकांनी आपल्या विहारांच्या भिंतींवर आधीच एक खिळलेला माणूस पाहिलेला होता. ते म्हणाले, हा तर आमचा देवदत्त, नरकात शिक्षा भोगणारा! पाद्री संतापले. पुढे कुणीच कुणाचं नीट ऐकलं नाही.

थॉमस जमिनीकडे पाहत होते. लांजेवारजींनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "म्हनजे बुद्ध तिकडं गेला तं संत झाला. अन् या पोरायचा देव इकडं आला तं देवदत्त? हा तं अन्याव झाला, भाऊ."

मित्रहो, मी त्यानंतर कितीतरी परिषदांना गेलो. धर्मांच्या संवादावर जाड जाड निबंध ऐकले. त्या ओसरीवरच्या वाक्यापाशी त्यातलं काही पोचलं नाही. अम्मा आतून म्हणाली, "देव-वेव हम नहीं देखा. आदमी देखा. जिसको दुखता, उसके आगे बैठना पड़ता." आणि पुन्हा कांदे चिरू लागली. चौघांतला सगळ्यात रागीट मुलगा उठला, त्याने आत जाऊन अम्माच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेले कांदे त्याने चिरले. त्याचे डोळे कांद्यानेच भरले असतील.

परतताना लांजेवारजींनी मला विचारलं, "तुमच्या पोथीत देवदत्ताचं पुढं काय होते? नरकातच राहते का?"

मी तो भाग मुद्दाम गाळला होता. जुन्या कथांमध्ये असं आहे की पृथ्वी देवदत्ताला गिळत असताना तो गुडघ्यांपर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला; आणि फक्त हनुवटी वर उरली तेव्हा त्याने बुद्धांना शरण जातो असं म्हटलं. हात बुडालेले होते, म्हणून जबड्याचं हाड अर्पण केलं. आणि बुद्ध म्हणाले होते, युगं उलटतील, शिक्षा संपेल, आणि हाही एक दिवस स्वतःच्या बळावर जागा होईल.

"मंग हे कावून नाही लिहिलं?"

"लोकांना खलनायक पूर्ण लागतो, लांजेवारजी."

ते थांबले. सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. "लोकायले नाही. तुमाले लागते."

पुढच्या वर्षी नरकाची चौकट नव्हती. थॉमसनी ती स्वतःच्या कटरने कापली आणि त्याच पाईपांची एक बैठक बनवली. रंगमंचाच्या मध्यावर माणूसभर खड्डा, वर फळ्या, आणि ती बैठक चेन पुलीला टांगलेली. पुली पडद्याआड थॉमसच्या हातात. लांजेवारजींनी त्यांना महिनाभर एकच गोष्ट शिकवली: लोड खाली जाताना कळलं नाही पाहिजे. एक कडी, श्वास, एक कडी. थॉमस वैतागून म्हणायचे, "अरे भाई, तुम आदमी है कि रेल का पटरी?" उत्तर यायचं, "आदमी ज़्यादा नाजूक माल है, थॉमस."

ज्यांनी तो प्रवेश पाहिला आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही, त्यांना सांगूनही पोचणार नाही. ते बोलत असतात आणि आपल्या लक्षात येतं की ते थोडे बुटके झाले आहेत. मग मातीच त्यांच्याकडे वर येते आहे असं वाटू लागतं, भरती आल्यासारखी. गुडघे नाहीत, कंबर नाही. मी शरणागतीसाठी बारा ओळींचं स्वगत लिहिलं होतं. त्यांनी तीन वाक्यं ठेवली: "हात बुडाले. हनुवटी उरली. तेवढी घे." आणि मैदानावर, जमिनीच्या पातळीवर, फक्त एक चेहरा उरतो. वरून चंद्र, मागे चिमण्यांचा धूर. मी कितीदा झोपेत तो चेहरा पाहिला आहे. कधी तो माझ्या वडिलांचा असतो, कधी माझाच.

खड्ड्याच्या त्या पहिल्या वर्षी एक गोष्ट कुणी आधी तपासली नव्हती. खाली नेणारी बैठक वर आणताना अडकली. नाटक संपलं, लोक उभे राहिले, आणि देवदत्त खड्ड्यातच. लांजेवारजी म्हणाले, "अरे कोनी हात द्या ना बे!" पहिल्यांदा अम्माच आली. तिला एकटीला पेलवेना, तेव्हा मागून तो कांदे चिरणारा मुलगा आला. दोघांनी दोन हात धरून त्यांना वर ओढलं. तिथून आपली पद्धत पडली, आणि असली पद्धत मी दुसऱ्या कुठल्या गावी पाहिलेली नाही. त्या वर्षी ज्या दोघांचं आपसात वाजलं असेल, त्यांनी पुढे यायचं आणि दोन बाजूंनी देवदत्ताला वर काढायचं. नळाच्या पाण्यावरून भांडलेल्या शेजारणी आल्या आहेत. वाटण्यांवरून बोलणं टाकलेले भाऊ आले आहेत. बैठक दुरुस्त झाली, पण लांजेवारजींनी तिला वर यायला कधी परवानगी दिली नाही.

एका वर्षी संपाचं वातावरण होतं. थॉमस कामावर गेले, कारण अम्मा आजारी होती आणि तिला डॉक्टरांना दाखवायला सुटी नंतर लागणार होती. मला कारण माहीत नव्हतं, मी विचारलंही नाही. गेटवरच्या सभेत मी त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "हा पाहा आमच्यातला देवदत्त!" टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

पौर्णिमा आली. साखळी थॉमसच्याच हातात होती. एक कडी, श्वास, एक कडी. त्यांनी त्या संध्याकाळीही लोड आदळलं नाही. लांजेवारजी हनुवटीपर्यंत गेले, तीन वाक्यं झाली, आणि एक भांडलेलं जोडपं हात द्यायला पुढे आलं. लांजेवारजींनी नाही अशी मान हलवली.

"आज तुमी नाई. गेटवर ज्यानं माझं नाव दुसऱ्याले देलं, त्यानं काढा."

मी चौथ्या रांगेत बसलो होतो. मला ऐकूच आलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. ते मातीत तसेच. अर्धा तास गेला असेल. लेकरं पेंगायला लागली, पण घरी कुणी गेलं नाही. वहिनी, म्हणजे लांजेवारजींच्या पत्नी, कडेवर नात घेऊन माझ्यापाशी आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, यायच्या गुडघ्याले वात आहे. गारठ्यात ठेवू नका जास्त." वैशाखात गारठा कुठला! पण मी उठलो.

पडद्याआडून थॉमस आले. हाताला ग्रीस लागलेलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघांनी दोन हात धरले आणि ओढलं. वर आल्यावर लांजेवारजींनी आमचे हात सोडलेच नाहीत. मला म्हणाले, "देवदत्त मी आहो. हे नाव माझं आहे. मले न विचारता कोनाले देऊ नका." त्यानंतर मी भाषणात कुणालाही त्या नावाने हाक मारलेली नाही. बाकी शिव्या अधूनमधून वापरतो, खोटं कशाला सांगू.

पुढे अम्मा वारली. तिच्या अंत्यविधीला चर्चच्या आवारात आमच्या वस्तीतली सगळी माणसं उभी होती, आणि पेटी खाली सोडायची वेळ आली तेव्हा थॉमसनी लांजेवारजींकडे पाहिलं. लांजेवारजींनी शवपेटीचे दोर हातात घेतले. पेटी खाली टेकली तेव्हा आवाज झाला नाही.

आज लांजेवारजी स्मृति नगरात मुलाकडे राहतात. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी खड्ड्यात उतरायला, हात वर करून कुणाकडून ओढून घ्यायला साफ मनाई केली. थॉमस गेल्या वर्षी मुलीकडे केरळला कायमचे गेले; जाताना त्यांनी साखळीला तेल घालून, पोत्यात गुंडाळून, ती माझ्या दारात आणून ठेवली. यंदा पौर्णिमेला प्रवेश झाला नाही. समितीतली तरुण मंडळी चांगल्या मनाने म्हणतात की पुढच्या वर्षी मोठा स्क्रीन लावू, काकांचं जुनं चित्रण आहे, तेच दाखवू, वर पृथ्वी दुभंगतानाही दाखवता येईल. चित्रण मीही पाहिलं आहे. सुंदर आहे. फक्त स्क्रीनला हात देऊन वर काढता येत नाही. यंदा आपल्यात जे भांडले त्यांची मला यादी माहीत आहे. ते अजून भांडलेलेच आहेत.

मागच्या आठवड्यात मी हा लेख लिहिण्यासाठी त्यांच्याकडे गेलो. गौरवाबद्दल काय वाटतं, असं विचारलं. त्यांनी ते ऐकलंच नाही. प्लांटच्या दिशेला खुर्ची वळवली; दिवसा तिकडे नुसता धूर दिसतो. मग म्हणाले, "भाऊ, येत्या पुनवेले खाली कोन जाईन?"

मी म्हणालो, बुद्ध व्हायला पोरं तयार आहेत. ते म्हणाले, "ते तं राह्यतेच. वाईट व्हाले कोनी पायजे ना. कोनी खालीच नाई गेलं तं वर कोनाले काढान?"

आपल्याकडे गौरवग्रंथात दीर्घायुष्य चिंततात. मीही चिंततो, माझ्या परीने. लांजेवारजींच्या गुडघ्यांतला वात वहिनींच्या तेलाने आटोक्यात राहो. शिवलेली छाती टाके विसरून जावो. स्मृति नगरच्या अंगणातली ती खुर्ची पुढच्या पंचवीस वैशाखांना मैदानात पहिल्या रांगेत, अम्मा बसायची त्या जागी ठेवली जावो, आणि प्रत्येक वैशाखात तिच्यावर तेच बसलेले असोत, आणि लोड आदळलं की मागे वळून आम्हाला बोल लावोत.

पण खुर्चीवर बसून त्यांना पाहायला काहीतरी हवं. साखळी मी धरणार आहे. वय झालं आहे, पण एक कडी, श्वास, एक कडी, एवढं मला येतं. त्यांच्याकडूनच शिकून घरी सराव केला आहे, सिमेंटची अर्धी गोणी टांगून. तीनदा आदळली, चौथ्यांदा नाही. उतरणारं कुणी नाही. मराठी तोडकीमोडकी असली तरी चालेल, तीनच वाक्यं आहेत. कुठल्या घरचा, कुठल्या धर्माचा, पुरुष की बाई, हे इथे पहिल्या दिवसापासून कुणी विचारलेलं नाही. विचारलं होतं ते फक्त मी.

हा ग्रंथ तुमच्या हातात पडेल त्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, सेक्टर २ च्या मैदानावर या. खड्ड्यावरच्या फळ्या मी काढून ठेवीन. काका खुर्चीवर असतील. तुमच्यातल्या एकाने त्यांच्यासमोर उभं राहून एवढंच म्हणायचं आहे: "काका, मी उतरतो."